तुटलं तर कुठे पडेल?

पुणे-लोणावळा लोकलने वडगाव सोडलं की कामशेतच्या आधी कान्हे येतं. महामार्गावर कान्हे फाटा आणि फाट्यावरून टाकवे बुद्रुककडे, म्हणजे आंदर मावळात जाणारा रस्ता. द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे, त्यामुळे पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेले सायकलवाले जुन्या महामार्गाने या फाट्यावरूनच जातात. अलीकडे त्यांच्या हँडलला पुढे पिशवी बांधलेली दिसते आणि पुष्कळदा ती लोंबलेलीही असते. अशी पिशवी टायरला घासते, ब्रेकच्या केबल दाबते, दिवा झाकते. उपाय साधा आहे: पिशवीला खालून आधार द्यायचा. तो घरी बनवावा, तयार घ्यावा, की ओझं मुकाट्याने मागे न्यावं, यावर मात्र मतभेद आहेत. त्यातल्या दोन बाजू इथे दोघांच्या तोंडी घातल्या आहेत. मामा पिंपरीच्या कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते, आता निवृत्त होऊन कान्ह्यात राहतात. भाची लांब पल्ल्याच्या सायकलिंगची तयारी करते आहे. सळई भाचीच्या हातात आहे, शंका मामांकडे.

भाची : मामा, ही सळई तुमच्या व्हाइसमध्ये वाकवून द्याल? हँडलच्या पिशवीला आधार करायचाय.

मामा : देईन की. पण आधी सांग, पिशवी पुढे कशाला? सायकलचं ओझं मागं असतं. आपल्या मावळातले दूधवाले बघ. कॅरियरच्या दोन्ही अंगांना आकडे, आकड्यांना कॅन. वजन खाली, चाकाच्या दोन्ही बाजूंना सारखं. पावसाचिखलात पिढ्यान्‌पिढ्या दूध पोचवलं त्यांनी. कुणी हँडलवर कॅन ठेवला का?

भाची : दूधवाल्यांनी नसेल ठेवला, डबेवाल्यांनी ठेवलाय. आणि तेही आपल्याच बाजूचे. मुंबईचे डबेवाले बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, मुळशी इकडचे. महादेव हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हा धंदा उभा केला, तेव्हापासून आपली माणसं त्यात आहेत. त्यांच्या सायकलच्या हँडलला दोन्हीकडून डबे लटकलेले असतात. पोस्टमनची थैलीही हँडललाच असायची.

मामा : लटकलेले म्हणालीस ना, तिथंच फरक आहे. त्यांचं वजन हँडलच्या खाली आणि दोन्हीकडे सारखं. तू ते हँडलच्या पुढं काढणार. शिवाय डबेवाला गर्दीतून, सपाट रस्त्यानं, बेतानं जातो. तू खंडाळ्याचा घाट उतरणार. पुढं वजन असलं की हँडल वळायला उशीर करतं, आणि एकदा वळलं की थांबायलाही उशीर करतं. उताराला वेगात असताना तो उशीर परवडत नाही.

भाची : हे कबूल. म्हणून तर लांब पल्ल्याच्या सायकली फ्रान्समध्ये वेगळ्या बांधायचे. पुढच्या चाकावर छोटं कॅरियर, त्यावर चौकोनी पिशवी, आणि ते वजन धरूनच पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा बाक ठरवलेला. रेने एर्ससारखे कारागीर त्यासाठी नावाजलेले होते. आपल्या बाजारातल्या सायकलींचा चिमटा तसा नसतो, म्हणून मला वजन थोडंच ठेवायला हवं. पण पिशवी पुढे हवीच. बीआरएममध्ये, म्हणजे मी तयारी करतेय त्या लांब पल्ल्याच्या फेरीत, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवावे लागतात. ३०० ला वीस तास, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. जेवण, पंक्चर, वाटेत कार्डावर शिक्का मारायला थांबणं, सगळं त्याच वेळात धरलेलं. मागच्या पिशवीतला लाडू काढायचा तर उतरावं लागतं. पुढच्या पिशवीतला चालता चालता काढता येतो.

मामा : मग तयार घे. दुकानात चांगल्या मिळतात, हँडलला क्लॅम्प बसवायचा, पिशवी खटकन लावायची, खटकन काढायची. तू काय पहिली आहेस का?

भाची : तयार वस्तू कुणाच्या मापाने बनवतात ते बघा. माझी उंची कमी, फ्रेम लहान, पण चाकं मात्र सगळ्यांसारखीच मोठी. म्हणजे माझ्या हँडल आणि टायरमध्ये वीतभर जागा उरते. उंच माणसाच्या सायकलवर बसणारी पिशवी माझ्या टायरवर टेकते. सीट खाली असल्यामुळे सीटमागची मोठी पिशवीही टायरला लागते. मागे कॅरियर लावायला फ्रेमला भोकं नाहीत. आणि तयार क्लॅम्प जिथे बसायला हवा तिथून माझ्या केबल जातात. बुटक्या माणसाला यात घरचं केल्याशिवाय पर्याय नाही. पिशवीही म्हणून मी जुन्या दप्तराच्या कापडाची, उंचीला कमी अशी शिवून घेतली.

मामा : हे कारण पटलं. हौस म्हणाली असतीस तर सळई परत दिली असती. दाखव, काय डोक्यात आहे?

भाची : एकच सळई, एकही नट-बोल्ट नाही. सळईच्या मधोमध इंग्रजी यू सारखा वाक काढायचा. हँडलला सायकलशी जोडणारा जो आडवा दांडा असतो ना, स्टेम, त्याच्या खालून हा वाक जाईल. तिथून दोन्ही पाय हँडलच्या वरून पुढे येतील, एक स्टेमच्या डावीकडून, एक उजवीकडून. पुढे आलेल्या पायांवर पिशवी. पिशवीचं वजन पुढचं टोक खाली दाबणार, मागचा वाक स्टेमला खालून वर रेटणार. जितकं वजन जास्त तितकी पकड घट्ट. युरोपात जुन्या टूरिंग सायकलींना असे तारेचे आधार असायचे.

मामा : तरफ आहे ही. हँडल हा टेकू. झकास! नट नाही म्हणजे नट ढिला होण्याचा प्रश्न नाही. पण आता माझा प्रश्न, टूलरूममध्ये प्रत्येक नव्या फिक्श्चरला विचारायचो तो. तुटलं तर कुठे पडेल?

भाची : तुटेल कशाला?

मामा : सगळं तुटतं. कधी ते आपल्या हातात नसतं, कुठे पडेल ते मात्र आपल्या हातात असतं. तुझी सळई हँडलवरच्या वाकात तुटली तर पिशवी सरळ पुढच्या चाकावर. चाक अडलं की माणूस हँडलवरून पलीकडे.

भाची : पिशवीला स्वतःच्या दोन पट्ट्या आहेत, हँडलला गुंडाळायच्या. आधार गेला तरी ती पट्ट्यांवर राहील.

मामा : मग आधी आधाराशिवाय बांधून बघ. पिशवी भर, नुसत्या पट्ट्यांवर लोंबू दे, हँडल दोन्हीकडे वळव, सायकल उचलून आपट. तरीही टायर आणि पिशवीत तीन बोटं अंतर राहिलं पाहिजे. तेवढं राहत असेल तर पुढचं बोलू.

भाची : नुसत्या पट्ट्यांवर चालत असेल तर आधार हवाच कशाला?

मामा : पिशवी डुलू नये, केबलवर रेलू नये, दिव्यासमोर येऊ नये म्हणून. रोजचं काम सळईनं करायचं. अपघात टाळायचं काम पट्ट्यांवर सोपवायचं. ही दोन कामं एकाच वस्तूला दिली की फसगत होते.

भाची : आणि खड्ड्यात पिशवी वर उडाली तर? तेव्हा तरफ उलटी. मागचा वाक स्टेमपासून सुटून खाली येणार. म्हणून मी पिशवीच्या तळापासून दोन इलॅस्टिकच्या दोऱ्या पुढच्या चाकाच्या एक्सलपर्यंत ओढून घेणार आहे. जुन्या पिशव्यांना असायच्या तशा.

मामा : दोरी सुटली तर कुठे जाईल?

भाची : ...आऱ्यांत.

मामा : मग झालं तर. दोरी रद्द. मागचा वाक आणि स्टेम यांना मिळून एक वादी आवळ, म्हणजे उडालं तरी सुटणार नाही. आणि पिशवीच्या पाठीमागून एक पट्टा हँडलखालच्या उभ्या नळीला घे, बक्कल लावून. तो सुटला तर नळीलाच लोंबेल आणि आखूड ठेवलास तर चाकापर्यंत पोचणारही नाही. म्हणजे वर हँडल, खाली सळई, मागं नळी. चुलीला तीन दगड लागतात तसे पिशवीला तीन टेकू. दोनावर ती फिरत राहते.

भाची : ठरलं. आता सळई. ही सहा मिलिमीटरची आहे. स्लॅबच्या रिंगा करतात ती, साधी गुळगुळीत. खरं तर मला अ‍ॅल्युमिनियमची घ्यायची होती, हलकी म्हणून.

मामा : हलकी खरी, लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याची. पण तेवढ्याच जाडीची घेतलीस तर त्याच वजनाखाली तिप्पट वाकेल. आणि अ‍ॅल्युमिनियमला थोडा थोडा हादराही साठत जातो. लोखंडाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी चालतो. अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही, ते आज ना उद्या थकतंच. रस्त्याचा हादरा म्हणजे मिनिटाला शेकडो ताण. लोखंडच घे. पण सहा का आठ, ते आधी हिशेबानं ठरवू. पिशवीत किती भरणार?

भाची : तीन किलो.

मामा : लिही. वजनाचा मध्य हँडलच्या पुढं पंधरा सेंटीमीटर धरू. मागचा वाक हँडलच्या मागं साडेसात. तीन गुणिले पंधरा, भागिले साडेसात. स्टेमवर खालून सहा किलोचा रेटा. हँडलवर दोन्ही मिळून नऊ. हे सायकल उभी असताना. खड्ड्यात तिप्पट धर. आता दोन पाय आहेत, म्हणून वाकवणारा जोर दोघांत वाटून घे. सहा मिलिमीटरच्या पायावर खड्ड्यातला ताण तीनशे मेगापास्कलच्या वर जातो. साधं लोखंड अडीचशेच्या आसपास कायमचं वाकतं. म्हणजे पहिल्या मोठ्या खड्ड्यातच तुझा आधार मान टाकणार.

भाची : मग आठची घेऊ?

मामा : सळईचं वजन काढायचं सूत्र कुठल्याही बांधकामावरच्या सुपरवायझरला विचार. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर मीटरला किलो. सहाची सळई मीटरला २२२ ग्रॅम, आठची ३९५. वजन पावणेदोन पट, पण मजबुती जवळजवळ अडीच पट आणि ताठपणा तिपटीहून जास्त. तीन किलो न्यायचे तर आठच. फक्त ती हातानं, थंडीच, बारीक वाकात वळवणं जड जाईल.

भाची : चारशे ग्रॅमचा नुसता आधार? मामा, मी पाण्याची बाटली किती भरायची याचाही विचार करते.

मामा : मग ओझं कमी कर. पुढं खरोखर काय लागतं?

भाची : खाणं, रेनकोट, शिक्क्यांचं कार्ड, फोन, थोडं औषध.

मामा : आणि ट्यूब, पंप, पाने?

भाची : ते चालता चालता लागत नाहीत. सीटखालच्या छोट्या थैलीत जातील. तेवढी थैली टायरला लागत नाही.

मामा : मग पुढं उरला दीड किलो. निम्मं वजन, निम्मा ताण. सहाची सळई खड्ड्यातही मर्यादेच्या आत राहते. तुझी सळई बरोबर, ओझं चूक होतं.

भाची : म्हणजे वाकवायला घेऊ?

मामा : थांब. आधी बाइंडिंगची तार घे आणि तिचा नमुना सायकलवर बसवून बघ. केबल कुठे अडतात, ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबला जातो का, हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळतं का, सगळं बघ. मग तोच आकार पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचा काढ. सळईच्या मधोमध खूण कर आणि वाक मधून सुरू करून दोन्ही बाजूंना आळीपाळीनं काढत जा, म्हणजे दोन्ही पाय सारखे उतरतील. व्हाइसच्या कडेवर टोकदार वाकवू नकोस. इंचभर जाडीच्या पाइपाभोवती वळव. दुसरा पाइप सळईवर चढव, तो तरफ म्हणून वापर. वाक चुकला तर उलटा करून पुन्हा तिथेच वळवू नकोस. नवी सळई घे. उलटसुलट वाकवलेली जागा आधी तुटते.

भाची : पुढचे दोन्ही पाय जोडायला आडवी पट्टी वेल्डिंग करून घेते फाट्यावर.

मामा : नको. एवढ्या बारीक सळईला वेल्डिंग केलं की टाक्याच्या शेजारची जागा नाजूक होते. चीर पडते ती बहुधा तिथंच. एकाच सळईचे पुढचे भाग आत वळवून घे, पिशवीच्या तळाला बसतील असे. टोकं कानशीनं गोल कर, नाहीतर पडलीस तर तीच पोटात शिरतील. तळाला कडकपणा हवा तर फलकाची सनपॅक शीट कापून पिशवीत घाल. निवडणूक झाली की हवी तेवढी मिळते.

भाची : आणि गंज? इकडे पाऊस म्हणजे...

मामा : लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्याकडे तेवढा नसला तरी सळई गंजायला पुरतो. कानस, मग प्रायमर, मग रंग. हँडल आणि स्टेमला सळई टेकते तिथं जुन्या ट्यूबची रबरी पट्टी गुंडाळ. ती आवाजासाठी नाही. हँडल अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्यावर लोखंड घासून ओरखडा पडला की चिरेची सुरुवात तिथून होते. दर महिन्याला पट्टी सोडून खाली बघायचं. आणि हँडलला किंवा चिमट्याला भोक पाडायचा विचारसुद्धा करायचा नाही.

भाची : माझ्या एका मैत्रिणीचं हँडल कार्बनचं आहे. तिलाही असा आधार हवाय.

मामा : तिला नाही म्हणून सांग. कार्बनला सळईची अशी एका रेषेत टेकणी चालत नाही. आतून चिरडलं तर वरून दिसतही नाही.

भाची : मामा, एक विचारू? तुम्ही कारखान्यातली माणसं घरी बनवलेल्या वस्तूवर विश्वासच ठेवत नाही. दुकानातली वस्तू तेवढी पक्की, असं का? ही सळई वाकली तर मी वाटेतल्या कुठल्याही गॅरेजात सरळ करून घेईन. दुकानातला प्लॅस्टिकचा क्लॅम्प तडकला तर रात्री दोन वाजता कोण देणार? माझ्या सायकलच्या मापाची ही एकच वस्तू जगात असेल. ती कच्ची कशी?

मामा : कच्ची म्हटलं नाही मी. दुकानातली वस्तू यंत्रावर झाली म्हणून पक्की नसते. चांगल्या कारखान्यात ती विकायच्या आधी कुणीतरी मुद्दाम तोडलेली असते. वजन टांगून, हलवून, तापवून, भिजवून. किती भार चालेल तो आकडा त्या तोडण्यातून येतो. घरी बनवणारे लोक बनवतात छान, पण तोडणारा माणूस त्यांच्याकडे नसतो. तू बनवणार असशील तर तोडणारीही तूच हो.

भाची : म्हणजे दीड किलोच्या आधाराला तीन किलो लावून बघायचं.

मामा : घरात इंद्रायणी तांदळाचं पोतं आहे, तीन किलो भर पिशवीत. गावातल्या गतिरोधकांवरून हळू फिरव. परत आलीस की सळई पुठ्ठ्यावरच्या चित्रावर ठेव. आकार बदलला असेल तर नापास. बदलला नसेल तर सळई जिथं हँडलला टेकते तिथं दोन्हींवरून एक रेघ ओढ नेलपॉलिशनं. आम्ही नट आवळला की रंगाची खूण मारायचो, तशीच. रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसले की समजायचं, काहीतरी ढिलं झालंय.

भाची : आणि दिवा?

मामा : दिवा पिशवीच्या वर किंवा पुढं न्यावा लागेल. पण सळईच्या टोकाला लावू नकोस. ती थरथरते, मग रस्ताही थरथरताना दिसतो. हँडललाच एक आखूड नळी जोड आणि त्यावर बसव.

भाची : एवढं सगळं केल्यावर तरी पुढच्या पिशवीला तुमची हरकत नाही ना?

मामा : सपाटीला नाही. घाट उतरताना मात्र मी असतो तर ती पिशवी रिकामी करून पाठीवर घेतली असती.

भाची : आणि मी घेणार नाही. पाठीवर वजन घेऊन आठ तास सायकल चालवून बघा एकदा, मामा. मग बोलू.

इथे त्यांचं एकमत झालं नाही आणि ते होण्याची गरजही नाही. मागे वजन नेण्याचा दूधवाल्यांचा मार्ग जड ओझ्याला आजही सगळ्यांत बरा आहे. ज्यांच्या सायकलला कॅरियर बसतं त्यांनी उगाच सळई वाकवत बसू नये. पण लहान फ्रेमवाल्यांना, केबलची अडचण असलेल्यांना आणि चालत्या सायकलवर हाताशी काही हवं असणाऱ्यांना घरगुती आधार हा खरा उपाय आहे, कारण त्यांच्या मापाचं दुकानात सहसा मिळत नाही. भाचीचं माप आणि मामांचा हिशेब दोन्ही जमलं तरच तो बनवावा.

लोखंडाची अखंड सळई घ्या, भोक आणि वेल्डिंग टाळा. आधार नसतानाही टायरला न लागणारी पिशवी निवडा. ठरवलेल्या वजनाच्या दुप्पट लादून आधी तपासा. सहा मिलिमीटरच्या सळईवर दीड किलोच्या पुढे जाऊ नका, त्याहून जास्त न्यायचं असेल तर ओझं मागे न्या. पहिली फेरी गावातच काढा आणि तिथे आधार टिकला, तरच घाटाचं नाव घ्या.